रोजच्या लिखाणाची शाई

"उजव्या हाताने लिहायचं. आभाळ कोसळलं तरी उजव्याच," आई म्हणाली आणि माझ्या पदराला तिने पिन अशी काही लावली की ती माझ्या खांद्यालाच टोचली. "डावा हात मांडीवर ठेवायचा आणि तो तिथंच राहिला पाहिजे. कळलं?"

"कळलं."

"शपथ घे माझी."

"आई, पोहे करपतायत."

खरंच करपत होते, म्हणून शपथ राहून गेली. आई स्वयंपाकघरात पळाली आणि मी फणीने उगाच भांग सारखा करत बसले.

गोष्ट फार जुनी आहे. आमचं घर तेव्हा फलटणला होतं. वडील जाऊन बरीच वर्षं झाली होती आणि मी तिथल्या वाचनालयात नोकरी करत होते. दिसायला बरी, पगाराची आणि डावखुरी. यातली पहिली दोन कुणी मोजायला तयार नसायचं. त्या काळी मुलगी बघायला आले की कागद पुढे करायचे आणि नाव लिहून दाखव म्हणायचे. बारामतीच्या मंडळींपुढे मी डाव्या हाताने नाव लिहिलं, ते 'कळवतो' म्हणून गेले ते गेलेच. त्यानंतरचे साताऱ्याचे तेवढेही सभ्य नव्हते. तोंडावर म्हणाले, डाव्या हाताची सून आमच्याकडे चालायची नाही. त्यानंतर आईने माझ्यापुढे पाटी आणून ठेवली. रोज जेवणं झाली की उजव्या हाताने 'रजनी दत्तात्रय वेदपाठक' गिरवायचं. एवढी घोड्याएवढी झालेली मी, पहिलीतल्या पोरीसारखी नाव गिरवत होते! पण आईचा चेहरा बघून गिरवलं. शेवटी नाव तेवढं छान यायला लागलं. नावापलीकडे मात्र माझा उजवा हात अडाणीच होता.

तर त्या रविवारी सकाळी कऱ्हाडचे पोतदार आले. मामाने आणलेलं स्थळ. मुलगा जनार्दन, साखर कारखान्याच्या प्रयोगशाळेत नोकरीला. तो आत येताना आमच्या बुटक्या दारात त्याचं कपाळ खाडकन आपटलं, तर हा बाबा कपाळ चोळत चौकटीलाच म्हणाला, "माफ करा हं." मी पडद्याआडून बघत होते. मला असं हसू फुटलं की तोंडात पदर कोंबावा लागला. आता या वयात काय लाजायचं, सरळच सांगते. हाच हवा, असं मला तिथल्या तिथे वाटलं. त्या सकाळी दुसरं काही नको होतं मला.

मी पोह्यांच्या बशा घेऊन गेले, नमस्कार केले आणि पाटावर बसले. डावा हात मांडीवर. मुलाची आई सगळं माझ्या आईलाच विचारत होती. "मुलीला शिवणकाम येतं का? मुलगी उपास करते का?" जणू मी तिथं नव्हतेच. मुलाचे वडील, अण्णा, तर काहीच विचारत नव्हते. धोतर, काळा कोट, कोटाच्या खिशाला ओळीने लावलेली पेनं. मांडीवर कापडी पिशवी घट्ट धरून ते माझ्याकडे असे बघत होते की मला वाटलं, यांना नक्की कुणीतरी सांगितलंय.

शेवटी ते म्हणाले, "बाळ, वाचनालयात तू दिवसभर लिहीत असशील ना?"

"हो काका. पुस्तकांच्या नोंदी, चिठ्ठ्या..."

"बघ, मी म्हटलं नव्हतं?" ते बायकोकडे वळून म्हणाले आणि पिशवीत हात घातला.

"अहो!" काकू दबक्या आवाजात म्हणाल्या. "मुलगी बघायला आलोय आपण. निदान पोहे तरी खाऊ द्या सगळ्यांना."

पण अण्णांनी तोवर जुन्या धोतराच्या फडक्यात गुंडाळलेली बाटली बाहेर काढली होती. काढली ती हळूच, एखादं तान्हं मूल काढावं तशी.

"आमच्या अण्णांना शाईचा नाद आहे," जनार्दन आमच्या मामाला म्हणाला. "आम्ही सोनार. पण यांचे डोळे अधू झाले, बारीक काम सुटलं, तेव्हापासून हे चाललंय."

"नाद कसला, खूळ," काकू म्हणाल्या. "घरातली पातेली निळी, टॉवेल निळे. परवा देवाची घंटा निळी."

अण्णांनी बाटली खिडकीच्या उजेडात धरली. आणि खरं सांगते, मी माझं लग्न, माझा हात, सगळं क्षणभर विसरले. गोकर्णाचं फूल बघितलंय ना? निळं म्हणावं तर जांभळं, जांभळं म्हणावं तर निळं. तसाच रंग. आई गं, काय सुरेख होता!

"बाजारातली निळी पोरकट दिसते आणि काळी रडकी," अण्णा म्हणाले. "मला अशी हवी होती की आपलंच अक्षर आपल्याला परत बघावंसं वाटेल. पण नुसती देखणी काय कामाची? लग्नपत्रिकेवर चार ओळी लिहायला कुठलीही चालते. ही रोजच्या लिखाणाला चालली पाहिजे. वाण्याची यादी, पोरांचा गृहपाठ, बँकेची स्लिप. पेन अडायला नको, कागदावर शाई फुटायला नको, मागच्या बाजूला उमटायला नको."

"आणि लवकर वाळायला पाहिजे," जनार्दन म्हणाला.

"वाळते रे. ते काही नाही." त्यांनी एक पेन काढून माझ्यापुढे धरलं आणि रफ वहीचा पिवळट कागद ठेवला. "चांगल्या कागदावर कुठलीही शाई गुणी असते. यावर लिही. घरचे लोक मला गोड बोलतात बाळ, वाईट वाटेल म्हणून. मला परक्या हाताचं खरं वाटतं. त्यातून रोज लिहिणारा हात."

मी उजव्या हातात पेन घेतलं आणि 'रजनी' म्हणून सुरुवात करणार, तोच ते म्हणाले, "नाव नको. नाव सगळ्या मुलींनी घोटलेलं असतं. रोज लिहितेस ते काहीतरी लिही."

झालं! स्वयंपाकघराच्या दारात आईच्या बांगड्या वाजल्या. मी तिच्याकडे बघितलंच नाही. रोज काय लिहिते मी? वाचनालयाच्या चिठ्ठ्या. 'पुस्तक वेळेवर परत करावे. पाने दुमडू नयेत.' उजव्या हाताने मी तेच लिहायला घेतलं. पु चा उकार वाकडा. स्त काढताना निब कागदात रुतलं. एकेका अक्षरावर मी एवढा वेळ थांबत होते आणि पेन इतकं दाबत होते की बोटं दुखायला लागली. कपाळावर घाम. वरची रेघ तर अशी गेली की विचारू नका.

कागद पहिला काकूंनी ओढून घेतला. "वाचनालयात नोकरी ना?" त्या आईला म्हणाल्या. "अक्षर काही खास नाही हो."

माझं अक्षर! अख्खं फलटण माझ्या अक्षराचं कौतुक करायचं.

"घाबरल्या असतील," जनार्दन म्हणाला. "मी नोकरीच्या मुलाखतीत वडिलांचं नाव विसरलो होतो."

अण्णा हसले नाहीत. त्यांनी चष्मा कपाळावर सरकवला, कागद डोळ्यांना अगदी लावला आणि तसाच धरून ठेवला. मग उलटा करून मागची बाजू बघितली.

"फुटली," ते म्हणाले.

"काय फुटलं?" मामा दचकून उठला.

"शाई. प्रत्येक अक्षराला पाय फुटलेत बघा. मागेही उमटलीय." त्यांनी कागद खाली ठेवला. "आमच्या आळीतले पोस्टमास्तर म्हणालेच होते फुटते म्हणून. मी म्हटलं, म्हाताऱ्याचा हात थरथरतो, पेन जागच्या जागी दाबून धरतो, म्हणून फुटत असेल. पण ही तर तरणी पोर. म्हणजे मास्तर खरं सांगत होते आणि मीच स्वतःला फसवत होतो."

"अण्णा, एका कागदावरून काय ठरवता?" जनार्दन म्हणाला.

"दोन झाले. आणि दोन्ही परक्या हातांचे. संपलं." ते बाटलीचं झाकण लावायला लागले. "रांजण भरून ठेवलाय घरी. उद्या मोरीत ओततो आणि मोकळा होतो. इतकी वर्षं केलं, पुष्कळ झालं."

मला वाटलं, काकू म्हणतील, सुटले बाई एकदाची! पण त्या पदराचं टोक बोटाला गुंडाळत राहिल्या. अण्णांच्या हातून झाकण नीट बसेना. फिरवायचे, निसटायचं, पुन्हा फिरवायचे. मी ते बघत होते आणि माझ्या जिवाची नुसती तगमग चालली होती. शाई फुटली नव्हती हो! मी दाबून आणि रेंगाळून लिहिलं म्हणून ती पसरली होती. त्या पोस्टमास्तरांचं आणि माझं दुखणं एकच. गप्प बसले तर माझं लग्न जमण्याची आशा होती. अक्षर वाईट म्हणून कुणी मुलगी नाकारत नाही. बोलले तर तिसरं स्थळही गेलं, आणि हे स्थळ तर मला हवं होतं.

मी मान वर केली. आई दारातून मानेनेच नाही, नाही म्हणत होती. तिचे डोळे भरले होते.

"काका, थांबा," मी म्हणाले. "ओतू नका. शाई चांगली आहे."

"राहू दे बाळ. तूही गोड बोलायला लागलीस."

"गोड नाही बोलत. तो माझा लिहायचा हातच नव्हे. द्या ते पेन इकडे."

आणि मी डावा हात पुढे केला. पेन त्या हातात आलं आणि मला इतकं हुश्श वाटलं म्हणून सांगू! नवा कागदही मागितला नाही. त्याच पिवळट कागदाच्या खालच्या अर्ध्या भागात लिहीत सुटले. पुस्तक वेळेवर परत करावे. पाने दुमडू नयेत. पुस्तकात तिकिटे, पाने, केस वगैरे खुणेसाठी ठेवू नयेत. पुस्तकावर चहाचा कप ठेवू नये. पेन कुठं अडलं नाही, कुठं गळलं नाही. रंग काय उतरत होता! रेघ ओली असताना जांभळी आणि नंतर निळसर. मी चुकून हसले सुद्धा.

अण्णांनी कागद जवळजवळ हिसकावून घेतला. खिडकीशी गेले. समोरून बघितला, मागून बघितला.

"नाही फुटली!" ते ओरडले. "जनू, इकडे ये. एक अक्षर फुटलेलं दाखव मला. आणि अक्षर बघ पोरीचं! तोच कागद, तेच पेन, तीच शाई. मागेही उमटली नाही. म्हणजे मास्तरांचा हातच..."

"अहो," काकू म्हणाल्या.

"...दाबत होता, मी म्हणत नव्हतो?"

"अहो, मुलगी डावखुरी आहे!"

"असेना का," अण्णा कागदावरची नजर न काढता म्हणाले. त्यांना खरोखर ऐकू आलं होतं की नाही कोण जाणे. बाकीच्यांना मात्र चांगलं ऐकू आलं. मामा खाली बघायला लागला. आई दारातून पुढे आली आणि हात जोडून म्हणाली, "तिला बोल लावू नका. मीच तिला लपवायला सांगितलं. पोर माझं ऐकत आली."

"लपवलंत ते बरं केलं नाहीत," काकू म्हणाल्या. त्या रागावल्या नव्हत्या, नुसत्याच ताठ झाल्या होत्या. "देवाधर्माचं घर आमचं. नैवेद्य, हळदीकुंकू..."

"ते सगळं मी उजव्याच हाताने करते काकू," मी म्हणाले. "जेवते उजव्या, वाढते उजव्या. लिहिते तेवढी डाव्या. आता बघितलंतच तुम्ही, उजव्याने लिहिलं की काय होतं ते."

त्यांनी पोह्यांची बशी खाली ठेवली. मला वाटलं, झालं. आता 'कळवतो' म्हणतील.

"हे काय आहे?" अण्णांनी मध्येच विचारलं. ते कागद माझ्याकडे घेऊन आले. चेहऱ्यावरचा आनंद पार गेला होता. "हे इथं शब्दांवर ढग कसले?"

मी बघितलं. ओळीत जागोजागी निळसर फराटे उमटले होते.

"माझ्या हाताचे," मी म्हणाले आणि डाव्या हाताची करंगळीकडची कड त्यांना दाखवली. मनगटापर्यंत निळी झाली होती. "डाव्या हाताने लिहिताना हात लिहिलेल्यावरूनच सरकतो ना. शब्द झाला की वरची रेघ मारायला परत मागे यायचं, म्हणजे पुन्हा त्याच ओल्या अक्षरांवर हात. उजव्या हाताला हे कळायचंच नाही, तो कायम कोऱ्या कागदावर असतो. वाचनालयात मी हाताखाली टीपकागद सरकवत लिहिते."

"रोज?"

"रोज."

"लिही बरं पुन्हा." ते गुडघे दुमडून माझ्या पाटाशेजारी जमिनीवरच बसले. मी एक ओळ लिहिली. ते कागदाकडे नाही, माझ्या हाताकडे बघत होते. मी शिरोरेघ मारायला हात मागे नेला तसे ते "अरे अरे अरे" म्हणाले, कुणाला पडताना बघितल्यासारखे.

"इतक्या लोकांकडून लिहवून घेतलं," ते म्हणाले, "आणि सगळे उजवे. एकदाही मनात आलं नाही. वाळते, वाळते म्हणत राहिलो. नापास आहे शाई."

"अहो काका, पास आहे की! फुटली नाही, अडली नाही. सगळ्यांना छान चालेल."

"तुला कुठं चालते?"

"माझं काय, माझा टीपकागद असतो."

"ते काही नाही. रोजची शाई म्हणजे घरातल्या सगळ्यांना चालली पाहिजे. बाकीच्यांनी झरझर लिहायचं आणि हिने टीपकागद शोधत बसायचं, ही काय पद्धत झाली?"

"अहो, घरातली कोण?" काकू म्हणाल्या. "अजून कुणी काही ठरवलेलं नाही इथं!"

"नाही?" अण्णांनी गोंधळून सगळ्यांकडे बघितलं. "मला वाटलं ठरलं."

मामाला ठसका लागला. आईने तोंडाला पदर लावला. मी खाली मान घालून बसले, कारण माझ्या डोळ्यांत टचकन पाणी आलं होतं आणि ते कुणाला दिसायला नको होतं. जनार्दन तेवढ्यात पुढे सरकला.

"एक विचारू का?" तो मला म्हणाला. "तुम्ही बोलला नसता तर आम्हाला कळलं नसतं. का बोललात?"

"त्यांनी रांजण ओतला असता."

"आपलं स्थळ जाईल असं नाही वाटलं?"

"वाटलं ना. जाऊ नये असंही वाटत होतं." तोंडातून निघून गेलं आणि मग माझे कान तापले.

मग आपल्या आईकडे वळून त्याने साध्या आवाजात सांगितलं, "आई, मला पसंत आहे." आणि पुन्हा माझ्याकडे बघून म्हणाला, "पण अण्णांचं काम म्हणजे वेळ लागणार. ही वाळायला लागेपर्यंत तुमचा हात रोज असा निळा होईल. चालेल?"

"हात काय, धुता येतो," मी म्हणाले.

काकू उठल्या. त्यांनी पदर खांद्यावरून ओढून घेतला आणि मला वाटलं, या आता चपला घालणार. आईलाही तसंच वाटलं असावं, कारण ती घाईने दाराकडे गेली.

"मोरी कुठं आहे तुमची?" काकूंनी तिला विचारलं. मग पहिल्यांदाच माझ्याकडे बघितलं. "ऊठ. चल माझ्याबरोबर."

मोरीत त्यांनी घंगाळातून तांब्या भरून घेतला आणि माझा डावा हात मनगटाला धरून पुढे ओढला. पाणी ओतत अंगठ्याने तो निळा डाग चोळायला लागल्या. निळं पाणी फरशीवरून वाहत होतं.

"दोन वर्षं मी त्यांना म्हणतेय, ओतून टाका ती शाई," त्या हळूच म्हणाल्या. "आज खरंच ओतायला निघाले, तर मलाच ते नको झालं. आणि माझ्या तोंडून शब्द फुटेना. तू बोललीस ते फार बरं केलंस."

त्यांनी हात उलटा करून बघितला. कड अजून निळीच होती.

"हे नुसत्या पाण्याने जायचं नाही, लिंबू लागतं," त्या म्हणाल्या. "आपल्या परसात लिंबाचं झाड आहे, बारा महिने लिंबं लागतात. रोज एक चिरून ठेवत जाईन."